गुरुवारच्या आठ ओळी

समोरचा डोंगर माझा भाऊ रोज थोडा थोडा फोडायचा, आणि सुटीच्या दिवशी माझ्या वहिनीला फोडायचा. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दुसरी मला एका मफलरवरून कळली, तीही अकरा आठवडे उशिरा. विणकामात मी स्वतःला फार शहाणी समजते, त्यामुळे ही लाज जरा जास्तच टोचते.

दादा खडीच्या खाणीत सुरुंग लावायचा. कामात इतका चोख की बावीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या माणसाला साधं खरचटलं नव्हतं. रोज संध्याकाळी पाचला खाणीचा भोंगा वाजायचा आणि तीन मिनिटांनी स्फोट व्हायचा. तेवढ्या वेळात अख्खी गल्ली धडाधड खिडक्या लावून घ्यायची, नाहीतर पिठासारखी धूळ अंथरुणापर्यंत यायची. मग धडाका. भिंती हादरायच्या, फळीवरची भांडी नाचायची, एखादं खाली पडायचं. कुणी मान वर करून बघायचंही नाही.

खाली माझं लोकरीचं दुकान, वर दादा आणि वहिनी. माझी जीभ ऐकून एकही स्थळ दुसऱ्यांदा आलं नाही, असं दादा चारचौघांत सांगायचा. वहिनी माझ्या अगदी उलट. डोंगरापलीकडच्या वस्तीतून लग्न करून आली तेव्हा तिला सुई कशी धरायची ते ठाऊक नव्हतं. मी शिकवलं, आणि दोन वर्षांत तिने मला मागे टाकलं. माझा हात घट्ट, टाके दाबून बसतात. तिचा हात सैल आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. एक टाका चुकला तर वीस ओळी उसवायची. मी चिडवायचे, "अगं, कोण बघतंय?" तर म्हणायची, "मी बघते ना, वन्सं."

दुकानाच्या काचेत लावायला काहीतरी कर, असं मी तिला थंडीच्या तोंडावर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती चौकटींचा कागद घेऊन खाली आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा डोंगर तिने त्यावर उतरवला होता, एक चौकट म्हणजे एक टाका. रुंदी अठ्ठेचाळीस टाके. माझ्या उरल्यासुरल्या गुंड्यांतून तिने रंग निवडले. शेताला गव्हाळी, झुडपांना गडद हिरवा, उताराला विटकरी, कातळाला काळा. आकाशाला मात्र धुऊन धुऊन विटलेला निळा घेतला.

"इतका मळका?" मी म्हटलं.

"धूळ आहे ना त्यात. दिसतं तसं विणायचं."

रोज आठ ओळी, आठवड्याला एक डोंगर. कोणत्या ओळी कोणत्या वारी, कोणत्या तारखेला विणल्या, ते कागदाच्या समासात लिहायचं. दर सोमवारी त्याच कागदाला नवा जोडून डोंगर पुन्हा काढायचा, कारण तोवर तो आणखी खचलेला असायचा. म्हणजे मफलरच्या एका टोकाला अख्खा डोंगर आणि दुसऱ्या टोकाला सपाटी. कल्पना ऐकून दादा खो खो हसला. "अजून थोडा उडवला की तुला इथून माहेर दिसेल. उपकार मान माझे!" वहिनी हसली. मीही हसले.

रोज सहाच्या सुमारास ती माझ्यासमोर येऊन विणत बसायची. पहिला डोंगर झाला, तर मध्येच काळ्या कातळापाशी मफलर दोन बोटं अरुंद झालेला. कारण मला लगेच कळलं. दोन रंगांनी विणताना वापरात नसलेला धागा मागून जातो. तो ओढून घेतला की टाके गोळा होतात. नवशिक्यांची चूक.

"काळा धागा मागून ओढतेस. उसव हे."

"राहू दे," ती म्हणाली.

एका टाक्यासाठी वीस ओळी उसवणारी बाई राहू दे म्हणते! दुसऱ्या डोंगरालाही तेच, तिसऱ्यालाही तेच, आणि त्याच जागी. मी दर वेळी तोंड सोडलं. गाढवापुढे वाचली गीता, असंही म्हणाले. ती बंद खिडक्यांच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून खाली मान घालून विणत राहायची. एकदा ओठ सुजलेला होता. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. "सांभाळून गं," म्हणत मी तिच्या हातात लोकरीचा नवा गुंडा दिला. आमच्या बाबांचा हात दादाकडे आला, आणि बघून न बघितल्यासारखं करायची आईची खोड माझ्याकडे आली. ती खोड मला फार सोयीची होती.

बारावा डोंगर चालू होता. गुरुवारी पाच वाजायच्या जरा आधी मी मफलर टेबलावर पसरून मापं घेत होते, ती शेजारी उभी होती. शेवटचे डोंगर इतके ठेंगणे झाले होते की त्यांचा कातळ बुधवारी संपत होता आणि वर नुसतं आकाश होतं. तरी मफलर नेहमीच्याच जागी आवळलेला. त्या आकाशात.

"इथे तर एकच रंग आहे," मी म्हटलं. "मागे धागाच नाही. मग इथे काय ओढलंस?"

तिने त्या आवळलेल्या जागेवरून बोट फिरवलं. वरून दादाची हाक आली. गुरुवारी त्याची सुटी असायची, त्या दिवशी सुरुंग त्याच्या हाताखालचा माणूस लावायचा. तिने मफलर सुयांसकट गोळा केला, कागद मात्र टेबलावरच ठेवला. "वन्सं, तुम्हीच मोजा," म्हणाली आणि जिना चढून गेली.

काय मोजायचं? ओळी मला तोंडपाठ होत्या. चाळा म्हणून कागद हातात घेतला, आवळलेल्या आठ ओळींवर बोट ठेवलं आणि समासात पाहिलं. गुरुवार. त्याआधीचा डोंगर. गुरुवार. त्याआधीचा. गुरुवार. पहिल्या डोंगरापर्यंत तेच. स्फोट तर रोज व्हायचा. रोज भिंती हादरायच्या, रोज ती सहाला येऊन विणायची. हात घट्ट व्हायचा तो फक्त गुरुवारी.

आणि खाणीचा भोंगा सुरू झाला.

समोरच्या खिडक्या लागायला लागल्या. धाड, धाड, धाड. मीही सवयीने उठले, खिडकीला हात घातला, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सुरुंगवाला तो. किती वेळ आहे आणि आवाज कशात बुडतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

मी जिना चढले. दाराला आतून कडीसुद्धा नव्हती. कशाला लावेल? येणार कोण होतं!

त्याने तिला ओट्याच्या कडेशी दाबून धरलं होतं. तिचा उजवा हात खाली लोंबत होता, त्याची दोन बोटं मागे वळली होती. बोटं तशी वळत नाहीत. मफलर तिच्या गळ्याभोवती होता आणि त्याची दोन टोकं दादाच्या मुठींत. "दिवसभर हेच! कुणाला दाखवणारेस डोंगर? बोल की!" बोलेल कशी? तिचा चेहरा काळानिळा झाला होता. टाचा फरशीवर घासत होत्या.

मी "दादा" अशी हाकही मारली नाही. अंबाड्यात खोचलेली पोलादी सुई उपसली आणि त्याच्या मनगटाच्या वर, होता नव्हता तेवढा जोर लावून खुपसली. ती आरपार गेली नाही. हाडाला लागून वाकली. त्याच क्षणी स्फोट झाला आणि त्याची किंकाळी त्यात बुडाली. रक्त तिच्या मानेवर आणि मफलरवर उडालं. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटल्याचा आवाज मला कानाच्या आतून आला. मी खाली पडले, त्याने पोटात लाथ घातली, मग दुसरी. मी त्याच्या पायाला मिठी मारली आणि पोटरीला चावले. सोडलंच नाही.

"खिडकी!" मी ओरडले. "वहिनी, खिडकी उघड!"

तिने कोपराने खिटी वर ढकलली. धुळीचा लोट आत आला. आणि त्या धुळीत तोंड घालून ती ओरडली. शब्द नव्हते त्यात. दहा वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. समोरची एक खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची. समोरचा शिंपी धावत वर आला, त्याच्या मागे त्याचे दोन भाऊ. तिघांनी मिळून दादाला भिंतीशी आवळून धरला. तेव्हाही तो मलाच शिव्या देत होता.

चौकीत बसल्यावर त्याचा सूर पार बदलला. हाताला पट्टी, चेहरा गरीब. "घरातलं भांडण आहे, साहेब. एखाद्या वेळी होतं. बहिणीचं डोकं ठिकाणावर नाही, हात बघा माझा." साहेबांनी वहिनीला विचारलं, आधी कधी असं झालंय का? तिचा गळा सुजला होता, आवाज फुटेना. पुरावा नसेल तर रात्रीच्या जेवणाला तो घरी, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी मफलर साहेबांच्या टेबलावर पसरला आणि शेजारी कागद ठेवला. प्रत्येक आवळलेल्या जागेवर बोट ठेवून तारखा सांगितल्या. अकरा गुरुवार, आजचा बारावा. महिला हवालदाराने एका जागी चिमटीत मफलर धरून पाहिला आणि लिहायला घेतलं.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?" साहेबांनी विचारलं.

"खाली. खिडकी लावून."

"काही ऐकू यायचं?"

दादा माझ्याकडे बघत होता. तुटलेल्या दातातून रक्त येत होतं, ते मी गिळलं. "यायचं," मी म्हणाले. "भांडी पडली असतील, असं मी स्वतःला सांगायचे. लिहा तसंच."

दादा आत गेला. वहिनीला आवाज पाचव्या दिवशी आला, तोही घोगरा. फोटो काढून झाल्यावर मफलर परत मिळाला. रक्ताचा डाग तपकिरी झाला होता, मी तो धुवायला घेतला तर ती म्हणाली, राहू दे. तिची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती, आणि बारावा डोंगर बुधवारपाशी अडकला होता.

"गुरुवारचं तुम्ही विणा," ती म्हणाली.

"माझा हात घट्ट आहे, वहिनी. आवळेल."

"माहितीये."

मी विणायला बसले. पाचला भोंगा झाला. आता सुरुंगाला दुसरा माणूस आहे. गल्लीतल्या खिडक्या लागल्या. वहिनी आमच्या खिडकीत बसून राहिली, दोन्ही दारं सताड उघडी टाकून. धूळ तिच्या केसांवर बसली, माझ्या सुयांवर बसली. मी आठ ओळी विणल्या. शेवटच्या ओळीला टाके इतके आवळले की सुईचं टोक आत जाईना, आणि मला पुढचं दिसेना. मी ओळ सुईवरून उतरवायला घेतली.

तिने प्लास्टरचा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"वन्सं, उसवू नका."