युजर म्हणजे तुझी आई नाही

सरांनी माझं पान प्रोजेक्टरवर लावलं आणि त्यातलं एक बटण मोठं करून सगळ्यांना दाखवलं. त्यावर मी लिहिलं होतं, ‘पुढं चला’.

“ही वेबसाइट आहे का बस? कंडक्टर कुठाय?” सर म्हणाले.

वर्ग फिदीफिदी हसला. निगडीतला वेब डिझाइनचा क्लास. बंगल्यांतून, मोठ्या फ्लॅटमधून आलेली मुलं. मी कीबोर्डकडे बघत बसले. सर तेवढ्यावर थांबले असते तर मी गिळलंही असतं.

“डिझाइन बरं आहे,” सर म्हणाले. “पण मजकुराला तू हात लावू नकोस. तुमच्या लोकांचं बोलणं तसंच लिहिण्यात उतरतं.”

तुमच्या लोकांचं. कोणते लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. बाकी कुणाचं एकदाही नाही.

मी चाकणला कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होते. कंत्राट संपलं की घरी. मग दुसरी कंपनी, दुसरं कंत्राट, तेच उभं राहणं. त्यातून सुटायचं म्हणून क्लास लावला होता. सर ज्यांची नावं पाठवतील, त्यांनाच हिंजवडीच्या आयटी ऑफिसांत मुलाखत मिळायची. मला ती हवी होती. फार हवी होती.

पान होतं आईच्या डब्यांचं. कासारवाडीतल्या आमच्या खोलीत आई कंपनीतल्या पोरांसाठी डबे करते. क्लासचा शेवटचा प्रोजेक्ट म्हणून मी तिचीच वेबसाइट केली. ती बोलते तसंच लिहिलं. ‘आज भाकरी हाय.’ ‘तिखट कमी पायजे? सांगा.’

सरांनी माझा मजकूर सईकडे दिला. सई माझ्याच बाकावरची, मनानं वाईट नव्हती. तिनं सगळं शुद्ध करून पाठवलं. भाकरीच्या जागी ‘आजचा विशेष मेनू’ आला. ‘सांगा’चं ‘आपली पसंती नोंदवा’ झालं.

मी मोबाइल आईसमोर धरला. परातीवरून उठून, हात पुसत ती आली. सावकाश वाचलं.

“चांगलंय. कुणाचं हाय गं हे?”

“आपलंच.”

“न्हाई बाई. आपलं आसं कुठं आसतंय?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्गातल्या हसण्यानं झाली नव्हती एवढी. माझ्या आईला तिच्याच कामातून पुसून टाकलं होतं आणि वर तिला ते चांगलं वाटत होतं. त्याचा मला जास्त राग आला.

मग मला एका जागी बसवेना. निगडीच्या स्टँडवर बस समोरून निघून जायची आणि मी फेऱ्याच मारत असायचे. क्लासमध्ये आम्हाला मनानं ‘युजर’ तयार करायला लावायचे. वेबसाइट वापरणारा माणूस, त्याचं वय, त्याची नोकरी, त्याच्या आवडी. वर्गातल्या सगळ्या युजरना कॉफी आवडायची. एकालाही नाइट शिफ्ट नव्हती. माझ्या युजरलाही नव्हती. मीही कॉफीच लिहिली होती.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी मी माझं जुनंच पान लावलं.

“बदलायला सांगितलं होतं ना?” सर म्हणाले.

“तुम्हीच शिकवलंत सर, युजरच्या भाषेत लिहा.”

“युजर म्हणजे तुझी आई नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“डबे खाणारी पोरं तिच्यासारखंच बोलतात,” मी म्हणाले. “ती युजर आहेत. तुम्ही नाही, सर.”

“बदल. नाहीतर नाव पाठवणार नाही.”

चाकणची लाइन डोळ्यांसमोर होती. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय आठवत होते.

“नका पाठवू,” मी म्हणाले.

नाव गेलं नाही. सईचं गेलं. मी परत लाइनवर उभी आहे. सुट्टीच्या दिवशी वेबसाइट करते. पंक्चरवाल्याची केली, आता शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांची करतेय. चैन पडत नाही. पडायला नकोच आहे.

त्या ऑफिसांत मी जाणार आहे, कुणी नाव पाठवो न पाठवो. तिथं कुणी माझा मजकूर शुद्ध करायला घेतला, तर मी आधी विचारणार, शुद्ध म्हणजे कुणासारखं? उत्तर मिळेपर्यंत एक अक्षर हलवू देणार नाही.