कडी मोडलीय

अजूनही भूमच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की चहा येईपर्यंत तो विषय निघतोच. सर, ते संडासाचं तुम्हीच लिहिलं ना, असं विचारतात आणि पाठीवर थाप मारतात. मी खाली बघतो. त्यांना वाटतं, सर लाजले. लाजलोच आहे, पण त्यांना वाटतं तसा नाही.

आमच्या गावच्या यात्रेत दर वर्षी एकच नाटक व्हायचं. जुनं, तीन अंकी, किल्लेदाराचं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, ते घ्यायचा हक्क मी गमावलाय. गोष्ट साधी आहे. किल्लेदाराचा एकुलता एक मुलगा फितूर होतो आणि बाप स्वतःच्या तोंडानं त्याला देहदंड सांगतो. शेवटच्या प्रवेशात पहारेकरी येऊन विचारतो, सरकार, दरवाजा उघडा ठेवायचा का? किल्लेदार म्हणतो, "दार लावून घ्या." मग जरा थांबतो, वर बघतो आणि म्हणतो, "आता यायचं कुणी राहिलं नाही." पडदा.

हे वाक्य लोकांनी कधीच घरी नेलं होतं. पंगतीतून शेवटचा माणूस उठला की वाढपी ते म्हणायचे. तुळजापूरचा एक लॉजवाला नवरात्राची गर्दी सरली की ते म्हणत शटर ओढायचा. टेम्पोच्या मागं रंगवलेलं मी पाहिलंय, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात ऐकलंय. एका उमेदवाराच्या सभेत तर पोरांनी रिकाम्या खुर्च्यांकडं बोट करून ते म्हटलं होतं आणि उमेदवारही हसला होता. त्या थट्टेनं नाटकाचं काही बिघडलं नाही. वर्षभर त्या वाक्यावर हसणारी माणसं यात्रेत ते आलं की गप्प व्हायची आणि बायका डोळ्याला पदर लावायच्या.

किल्लेदाराचं काम करणारे गृहस्थ एसटीत कंडक्टर होते. ते स्वतःसुद्धा मुक्कामी गाडीतला शेवटचा उतारू उतरला की ड्रायव्हरला हेच वाक्य ऐकवायचे. तरुणपणी त्यांना ते काम मिळालं आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्याकडंच राहिलं. मी शाळेत शिक्षक, विंगेत प्रत धरून उभा राहायचा मान माझा. त्यांना शब्द द्यायची वेळ माझ्यावर कधीच आली नव्हती. तरी म्हणायचे, सर, तुम्ही दिसलात की धीर येतो.

एका वर्षी गावात हागणदारीमुक्तीचा फलक लागला. संडास बांधले गेले आणि दोन महिन्यांत निम्म्यांच्या कड्या निखळल्या. गणपतीच्या कार्यक्रमासाठी मी त्यावर पंधरा मिनिटांचं विडंबन लिहिलं. किल्लेदार टमरेल घेऊन आत जातो आणि आतून हुकूम सोडतो, "दार लावून घ्या." बाहेरचा पहारेकरी म्हणतो, "कसं लावू सरकार? कडी मोडलीय." किल्लेदार झालेल्या पोराला मी सगळं शिकवलं. कंडक्टरांची चाल, कमरेवरचा हात, पहिल्या वाक्यानंतरचं ते वर बघणं. इतकी वर्षं हाताच्या अंतरावरून बघितलेलं, दुसऱ्या कुणाला ते इतकं बेमालूम उचलता आलं नसतं. घरभेदी लागतो तो असा.

ते पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसले. मला मिठी मारून म्हणाले, बेस झालं सर. हे मी माझ्या बचावासाठी पुष्कळदा आठवून बघितलंय. उपयोग होत नाही.

कुणीतरी फोनवर त्याचं चित्रण केलं होतं. ते आधी तालुकाभर फिरलं, मग कुठल्या कुठं गेलं. कधी न बघितलेल्या गावची माणसं त्या आवाजावर तोंड हलवून व्हिडिओ करू लागली. नवरी करवल्यांना म्हणते दार लावून घ्या, करवल्या म्हणतात कडी मोडलीय. लग्नाच्या वरातीत डीजेनं त्याचं गाणं केलं. माझ्या वर्गातली मुलं दाराला हात लावला की ओरडायची आणि मी खोटं रागवायचो. खोटंच, कारण मला आतून गुदगुल्या व्हायच्या. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. बायको म्हणाली, पुरे आता. मला वाटलं, हिला कलेतलं काय कळतं?

त्या हिवाळ्यात किल्लेदारांचा मुलगा गेला. पुण्यात नोकरीला होता, सुट्टीला मोटरसायकलवर येत होता, गावापर्यंत पोचला नाही. एकुलता एक. अंत्यविधीला ते इतरांना सावरत होते, पाणी प्या म्हणत होते. दहाव्याला तसंच, तेराव्याला तसंच. त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, कंडक्टर लई घट्ट काळजाचे.

यात्रा जवळ आली तशी मंडळी म्हणाली, यंदा नाटक नको. ते स्वतः तालमीला येऊन उभे राहिले. मग मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, निदान शेवटचं वाक्य तरी काढू या, तुम्हाला त्रास होईल. त्यांनी माझा हात धरला.

"घरी रडाया येत न्हाय, सर. म्या रडलो तर पोराच्या आईनं कुणाकडं बगायचं? तिथं येतंय मला. तेवढं एक वाक्य ऱ्हाऊ द्या."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तालीम चालू असताना पोरं खिडकीतून "कडी मोडलीय" ओरडून पळत होती, ते मी ऐकत होतो. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं, की मी तुमच्या त्या वाक्यात घाण करून ठेवलीय. मी मनाची समजूत घातली की लोकांना माणुसकी आहे, त्यांचं दुःख सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि लोकांना माणुसकी होतीच. म्हणून तर त्या वर्षी कधी नव्हे एवढी माणसं आली. तीन अंक कुणी खोकलं नाही.

"दार लावून घ्या," ते म्हणाले. मग थांबले आणि वर बघितलं. इतक्या महिन्यांचं सगळं वर आलं होतं, आता पुढचं वाक्य आलं की मोकळं होणार.

मागून कुणीतरी ओरडलं, "कडी मोडलीय!"

आधी शूः शूः झालं. दोघातिघांनी ओरडणाऱ्याला दटावलं. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि आवरेना. लोक ते दाबायला गेले तसं रांगांमधून पसरलं. बायका तोंडावर पदर दाबून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांना हसायचं नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. ओठांना सवय लागली होती आणि ती मी लावली होती.

ते तसेच उभे राहिले. पुढचं वाक्य त्यांना आठवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विंगेकडं, माझ्याकडं बघितलं. मी शब्द दिला, "आता यायचं कुणी राहिलं नाही." त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं दिला आणि तो माइकनं पकडला. माझा मास्तरी आवाज सगळ्या मैदानात घुमला आणि लोक पुन्हा हसले. कुणीतरी पडदा टाकला. ते आत आले, पगडी उतरवली, माझ्या हातातल्या प्रतीवर ठेवली आणि घरी गेले. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो म्हणतात, पण मांजराला निदान भूक तरी असते.

पंधरा दिवस मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं. मग एका दुपारी प्रत पिशवीत घालून गेलो. मुलाच्या फोटोला ताजा हार होता. वहिनींनी चहा दिला. मी जमेल तशी माफी मागितली. ते म्हणाले, सोडा सर, लोक हसले, हसू द्या. त्यांचा मोठेपणा मला शिवीसारखा लागला. पिशवीतली प्रत दिसली तसे ते म्हणाले, आणलीच आहे तर धरा. त्या दिवशी राहून गेलं, आता इथं म्हणून टाकतो. इथं हसाया कोण हाय?

त्यांनी खुर्ची सरकवली आणि भिंतीला पाठ देऊन उभे राहिले. वहिनी उंबऱ्यापाशी बसल्या. मी उठून बाहेरचं दार लावलं आणि कडी घातली. पहारेकऱ्याचं वाक्य मीच वाचलं, सरकार, दरवाजा उघडा ठेवायचा का?

"दार लावून घ्या," ते म्हणाले. आवाज तोच होता. ते थांबले, वर बघितलं. मी प्रतीवर बोट ठेवून वाट बघत राहिलो. त्यांचे ओठ हलले, मिटले, परत हलले आणि त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "कडी मोडलीय."

ते हसले. थांबवायला गेले तर जास्तच आलं. यात्रेतल्या बायका हसल्या होत्या तसं, नको असताना, तोंडावर हात दाबून. शेवटी खाली बसले.

"आता माझ्याबी कानात तेच येतंय, सर," ते म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. त्या उठल्या, माझा कप उचलून मोरीत ठेवला आणि मला बाहेर जाता यावं म्हणून दाराशी गेल्या. कडी घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली.