पिक्ट, स्कॉट आणि रोडग्यांची पंगत

ढाणकीहून मी रोज स्कूटीने तांड्यावरच्या शाळेत जायचे. दोन खोल्या, वर पत्रा, चार वर्ग आणि शिकवायला मी एकटी. त्याच सुमारास मला इतिहासात एम.ए. करायची हौस आली होती, बाहेरून. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खायची आणि मी व्हरांड्यात बसून ब्रिटनच्या उत्तरेकडचे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे राजे पाठ करायची. कुठे ते आणि कुठे आम्ही! पण परीक्षेपुढे शहाणपण चालत नाही.

त्याच वेळी तांड्याचे नायक येऊन बसत. बंजाऱ्यांच्या तांड्यात नायकाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि हे म्हातारे तो जपून वापरत. निमित्त नातीचं. ती तिसरीत होती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, पण शाळा दारातच म्हणून ती आजोबांपाशी राही. तिच्यासारख्या आणखी काही मुली होत्या. त्या मागे राहत त्या केवळ शाळा दारात होती म्हणून.

"काय वाचून राह्यल्या, मॅडम?" नायकांनी एकदा विचारलं.

मी सांगितलं. शेजारी शेजारी राहणारे दोन लोक, पिक्ट आणि स्कॉट. भांडले, सोयरिकी केल्या, समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंनी दोघांनाही बडवलं. शेवटी स्कॉटांकडचा एक राजा दोन्ही गाद्यांवर बसला. दंतकथा अशी की त्याने पिक्टांच्या सरदारांना जेवायला बोलावलं, बाकांखाली खड्डे खणून ठेवले आणि जेवणाच्या भरात बाकांच्या खुंट्या काढून पडलेल्यांना कापून काढलं. अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. ते म्हणतात, सगळं हळूहळू झालं. राज्याला नवं नाव पडलं, आणि पुढे दोन-तीन पिढ्यांत स्वतःला पिक्ट म्हणवणारं कोणी उरलं नाही. भाषाही गेली.

"मंग ते लोकं गेले कुठी?"

"कुठेच नाही. तिथेच राहिले. फक्त पिक्ट राहिले नाहीत."

म्हातारे वळून खिचडी खाणाऱ्या नातीकडे पाहू लागले. आपण किती छान समजावलं, असं मला वाटलं. मास्तरकीचा हा रोगच असतो.

त्या हिवाळ्यात वरून कागद आला. कमी पटाची शाळा जवळच्या शाळेत मिळवायची. आमची शाळा जाणार होती नाल्यापलीकडच्या गावात; तांडा त्याच गावच्या पंचायतीत मोडे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि तो होणार नाही याची मला खात्री होती. नायक उभे राहिले की सरपंचसुद्धा सावरून बसत.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सरपंचांनी अख्ख्या तांड्याला शेतात जेवायला बोलावलं. मी तशीच नायकांकडे गेले. कारण नायकांचा एक नेम मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. भांडण मिटवायचं असलं की ते कोणत्याच बाजूच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. ज्याचं खाल्लं त्याच्याविरुद्ध बैठकीत तोंड उघडायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"मॅडम, माह्या बापाले त्या गावानं कधी पंगतीत बसवलं नाही. बाजूले वाढत होते. आज सरपंच सोता बोलवाले आला. नाही कसं म्हनू?"

ते गेले. मीही गेले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. सरपंच स्वतः तुपाचं भांडं घेऊन नायकांपुढे वाकले, आग्रह करकरून वाढलं. म्हाताऱ्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. जेवण फार चांगलं झालं होतं, हे लिहितानाही मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी सभेत विचारलं, "तांड्याचं काही म्हननं?" सगळ्यांनी नायकांकडे पाहिलं. नायक आपल्या हातांकडे पाहत राहिले. मी उठले, तर "मॅडम, तुम्ही नोकरीतल्या, तुम्ही बसा," म्हणून मला बसवलं. ठराव पास झाला. बोलणाऱ्याची बोरं विकतात, म्हणतात. त्या दिवशी आमचे गहू तसेच पडून राहिले.

परतताना नायक म्हणाले, "खड्डा कायले पाहिजे, मॅडम? जेवू घातलं तरी पुरते."

जूनपासून मुलं आणि मी नाल्यापलीकडे. पहिल्या वर्षी पाटीवर दोन्ही शाळांची नावं होती. पुढे चुना मारला, तेव्हा एकच लिहिलं. मला परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, पिक्ट-स्कॉट एकीकरणाचे परिणाम. स्थिर राज्य, बळकट सीमा, एक भाषा, असं सगळं मी ओळीने लिहिलं. मार्कही चांगले पडले.

पण ते नंतरचं. त्या पहिल्याच पावसाळ्यात नायक नातीचा हात धरून नाला पार करवत. गुडघे धरले तसं तेही थांबलं. दिवाळीनंतर नात शाळेत दिसेना, तिलाही ऊसतोडीला नेणार असं कानावर आलं, तेव्हा एका रविवारी मी तांड्यावर गेले.

त्यांनी सतरंजी टाकली, स्वतः थापलेली भाकरी आणि अंबाडीची भाजी माझ्यापुढे ठेवली. मी ताट बाजूला सारलं.

"जेवणार नाही. मी भांडायला आलेय."

ते लगेच समजले. समोर मांडी घालून बसले आणि मी मनातलं सगळं बोलले. पोरगी पाठवू नका. मी रोज स्कूटीवर नेईन, आणून सोडीन. लागलं तर माझ्या घरी ठेवीन. तिचं डोकं चांगलं आहे, तिला उसाच्या फडात घालू नका.

"झालं तुमचं बोलून?"

"झालं."

"गाडी काल सकाळीच गेली, मॅडम. छोरीले घेऊन गेले. लहान्या भावाले सांभाळाले कोनी पाहिजे म्हने." त्यांनी ताट पुन्हा माझ्याकडे सरकवलं. "आता जेवून घ्या."

मी जेवले.