जांभळ्या काठाचा वाल

आमच्या आईने कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. विरजण मागा, कढीपत्ता मागा, पाहुण्यांसाठी सतरंजी मागा, ती उठून द्यायची. वस्तीत तिचं तसं नावच होतं. लग्न होईपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, मलाही ते खरंच वाटत होतं.

आमचं घर इतवारीच्या पलीकडे, विणकरांच्या जुन्या वस्तीत. आजोबांपर्यंत घरात लुगडी विणली गेली. वडील बुटीबोरीच्या कापड कारखान्यात पाळीवर जायचे, आणि माग मोडून केव्हाच चुलीत गेला होता. विणकामाची म्हणून एकच खूण उरली होती, मागच्या अंगणातला वाल. त्याच्या हिरव्या शेंगेला दोन्ही कडांनी जांभळी रेघ असायची, लुगड्याला काठ असतो तशी सरळ. आई त्याला काठाचा वाल म्हणायची. थंडीत त्याची भाजी शिजली की पोळी हवीच असं नाही, नुसती वाटीत घेऊन खावी. तसली शेंग मी बाजारात कधी पाहिली नाही.

बी धरणं हे आईचं काम. वेलाच्या बुडाशी लागलेल्या शेंगांना ती कुणाला हात लावू देत नसे. त्या वेलावरच वाळायच्या. मग ती त्या फोडायची, किडका दाणा बाजूला काढायची, चुलीची राख चाळून दाण्यांना चोळायची आणि जुन्या धोतराच्या पुरचुंडीत बांधून आढ्याला टांगायची. मृगाच्या आधी बायका बी मागायला येत. आई आत जाई आणि राख लागलेलं मूठभर बी आणून प्रत्येकीच्या पदरात टाकी. एवढं वाटूनही वस्तीत दुसऱ्या कुणाच्या दारात तो वेल नव्हता. लोक म्हणत, त्यांच्या मातीचाच गुण आहे तो. आई नुसती हसायची.

माझं लग्न झालं तेव्हा ओटीतल्या तांदूळ-नारळाबरोबर तिने त्याच बियांची छोटी पुरचुंडी घातली. माझं सासर उमरेड रोडला, मागे चांगली मोकळी जागा. मी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंपुढे वालाची फुशारकी मारून बसले. असा काठ, अशी चव, बाजारात मिळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "लाव तं मंग. पाहू तुह्या माहेरचा वाल."

लावला. काही उगवलं नाही. सासूबाईंच्या दोडक्यांनी आणि भेंड्यांनी त्याच मातीत डोकी वर काढली, माझं आळं कोरडं ठणठणीत. मुंगळ्यांनी खाल्लं असेल म्हणून पुढच्या वर्षी आईकडून नवं बी आणलं. तेही गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी बी रात्रभर भिजवून लावलं, तर ते आळ्यातच सडलं.

"हिच्या हाताले गुणच नाही," सासूबाई म्हणाल्या. सुरुवातीला हसत म्हणायच्या. मग मला मूल होईना, तेव्हा हसणं बंद झालं आणि वाक्य बदललं. "हिच्याजवळ काही रुजतच नाही." हे त्या माझ्याशी बोलत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलत, मी चहा घेऊन उभी असताना. पुढे पुढे पेरणीच्या दिवशी मला मागच्या दारी येऊ देत नसत. नणंदेच्या डोहाळजेवणात सगळ्या ओटी भरायला गेल्या आणि मला पुऱ्या तळायला बसवलं. कढईपुढे बसून मी माझे हात पाहत होते. मलाही ते आता वांझच वाटायला लागले होते. मेथी पेरायचीसुद्धा मला भीती वाटायची.

हे सगळं मी दर वेळी आईला सांगायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. ती पाठीवरून हात फिरवायची आणि निघताना पुन्हा मूठभर बी बांधून द्यायची. "घे वं बाई. हे तं ताजं आहे. औंदा लागनच."

मग एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, भर दुपारी सगळे कूलरपुढे आडवे झालेले. मला भाजल्याचा वास आला. इतक्या उन्हात चूल कुणी पेटवली म्हणून मागच्या दारी गेले, तर आई चुलीपुढे बसलेली. चुलीवर कढई, आणि कढईत वालाचं बी. मंद आचेवर ती ते हळूहळू हलवत होती, रंग बदलू नये इतपतच. शेजारी पुरचुंडी उघडी होती. ताटलीत राख होती.

"काय करून राहिली वं आई?"

ती दचकली नाही. "दिसते ना. भाजून राहिली. शेजारीण येऊन राहिली बी न्याले."

"बी काहून भाजतं? उगवन का ते मंग?"

"नाही उगवले पाहिजे म्हणूनच तं." तिने कढई उतरवली. "सगळ्यायच्या दारात लागला तं आपल्या वालाले कोण इचारन? नाही म्हटलं तं लोकायले राग येते. देलं का राग नाही येत, अन् वाल घरचा घरातच राह्यते. वरून राख चोळली का भाजल्याचा वास धुराचा वाटते."

इतकं सगळं ती एखादी पाककृती सांगावी तसं सांगत होती.

"मलेही असंच देलं?"

"तुह्यं तं जास्तच भाजलं होतं. तुह्या सासूच्या हाताले गुण आहे. एखादं चुकून उगवलं असतं."

"अन् मी इथं येऊन रडत होती, तवा?"

"रडू देलं ना मी तुले," आई म्हणाली. "बोलणाऱ्यायले काहीतरी लागतेच. वाल नसता तं भाजीतल्या मिठावरून बोलले असते. तू गेली ना त्या घरी? मंग बी कायले धाडू त्यायले?"

तेवढ्यात पुढच्या दारात शेजारणीची हाक आली. आई पदर सारखा करून, चेहऱ्यावर ते तिचं देणारं हसू घेऊन उठली आणि कढईतलं बी ताटलीत ओतून पुढे गेली. मी उघड्या पुरचुंडीत हात घातला. कच्चं बी होतं ते, भाजायचं राहिलेलं. जेवढं मुठीत मावलं तेवढं पदराच्या टोकाला बांधलं आणि त्याच संध्याकाळी सासरी निघून आले. पुढून शेजारणीचा आवाज येत होता, तुमच्यासारखं दुसरं कोणी देणारं नाही, मावशी.

तिथे मला मागच्या दारी कोण पेरू देणार, म्हणून बी राख चोळून जपून ठेवलं. नंतर नवऱ्याला मिहानमध्ये नोकरी लागली आणि आम्ही वर्धा रोडच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला आलो. जमीन गेली, गॅलरी आली. रंगाच्या रिकाम्या बादलीत मी ते बी लावलं आणि कूलरचं उरलेलं पाणी घालत राहिले. आठवडाही गेला नसेल, मातीतून पाठ वाकवून कोंब वर आले. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. थंडीत गॅलरीच्या गजांवर जांभळ्या काठाच्या शेंगा लटकल्या. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मी शेंग नेऊन त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "नर्सरीतून तयार रोपटं आणलं असन," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याने भाजी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाला. मूल होण्याचं वय तोवर निघून गेलं होतं. माझा हात चांगला निघाला, तेव्हा तो कुणाला दाखवायचा राहिला नव्हता.

आईला मी यातलं काही कळू दिलं नाही. तिकडे भावाने घर बिल्डरला दिलं. वेल जेसीबीखाली गेला. आईने पुरचुंडी सांभाळली होती, पण भाड्याच्या घरात गॅस, राख आणायची कुठून? वहिनीने बी प्लॅस्टिकच्या बरणीत भरून ठेवलं. बिल्डिंग उभी राहून ते तळमजल्यावर राहायला आले आणि खिडकीखाली मातीचा पट्टा मिळाला, तेव्हा आईने बरणी उघडली. आत पीठ आणि भुंगे.

मग ती बी मागायला निघाली. ज्यांना ज्यांना दिलं होतं त्या प्रत्येकीच्या दारात गेली. "मावशी, तुमचं बी आमच्याकडं कुठं उगवलं कधी?" सगळ्यांचं उत्तर एकच. हे मला वहिनीने फोनवर मिटक्या मारत सांगितलं. आपलं बी लोकांकडे उगवलं नाही हे आईइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी गेली. कुणाचं तरी भाजायचं चुकून राहिलं असेल, एवढ्या आशेवर गेली असावी.

उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली. वेल अजून गजांवर होता, वाळलेल्या शेंगांनी भरलेला. आई गॅलरीच्या दारात थांबली. एक शेंग हातात घेऊन तिने काठावरून अंगठा फिरवला.

"हे कुठून आणलं?" असं तिने विचारलं नाही. म्हणाली, "मूठभर दे वं बाई. भावाच्या दारात लावतो."

"देतो ना," मी म्हणाले. "नाही कायले म्हणू?"

ती जाणार त्या सकाळी मी शेंगा फोडल्या. ती हॉलमध्ये पिशवी भरत होती. मी गॅस पेटवला, कढई ठेवली, बी टाकलं आणि आच मंद केली. स्वयंपाकघराचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. थोड्या वेळाने पिशवीची खुडबुड थांबली. मी मागे पाहिलं नाही, हलवत राहिले. रंग बदलू दिला नाही.

वळले तेव्हा आई दारात उभी होती. मला वाटलं होतं, रडेल, निदान शिव्या तरी देईल. तिने पदर पसरला. मी त्यात गरम बी ओतलं. तिने गाठ मारली, पदर पोटाशी धरला आणि ऑटोत जाऊन बसली.

दिवाळीनंतर भावाचा फोन आला. आईने मृगात वाल लावला होता, काही उगवलं नाही. तरी ती सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्याला पाणी घालते, वहिनी बायकांपुढे बोलते, आईच्या हाताले आता गुण नाही राहिला.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणते, हो, नाही राहिला." मग म्हणाला, "तुह्याकडचं बी खराब होतं का, असं मी इचारलं तं माह्यावरच खेकसली. म्हणे, बी चांगलं होतं."

हे ऐकून समाधान वाटेल असं मला वाटलं होतं. तसं ते वाटलंही, खोटं कशाला बोलू. फोन ठेवून मी गॅलरीत गेले, बुडाशी लागलेल्या शेंगांना दोरे बांधले, म्हणजे भाजीसाठी कुणी खुडणार नाही. पण ते पाणी माझ्या डोक्यातून जात नाही. ते बी मेलेलं आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? तिने ते भाजताना पाहिलं. तरी ती रोज पाणी घालते, आणि माझं नाव कुणाला सांगत नाही.