विकायची की चालवायची

पाहुणा दारात आला की नलूताई आधी त्याच्या गाडीची चाके बघत आणि मग माणसाकडे वळत. या, बसा, पाणी घ्या, हे सगळे चाकांनंतर. त्यांच्या भाचीला बघायला मंडळी आली तेव्हा मोटार इतकी पुसलेली होती की गल्लीतल्या बायकांनी तिच्या काचेत बघून कुंकू नीट केले. नलूताईंनी पोह्यांच्या रिकाम्या बशा आत नेता नेता वहिनींच्या कानात सांगितले, "गाडी चकचकीत आणि टायर गुळगुळीत. दिसतं तेवढ्यावरच खर्च करणारी माणसं आहेत ही. पोरीला जड जाईल." ते स्थळ पत्रिकेवरून बारगळले, पण नलूताईंनी त्याचे श्रेय टायरांना दिले ते कायमचे.

आमचे घर नागरवाड्यात त्यांच्या अगदी समोर. त्यांच्या थोरल्या भावाला सगळी गल्ली दादा म्हणायची. दादा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक मताचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांचा पगडीतला फोटो बैठकीत असा लावला होता, की आलेला माणूस कुठेही बसला तरी ते आपल्याकडेच बघत आहेत असे वाटावे. नलूताई दादांच्या धाकट्या बहीण. लग्न केले नाही. का, असे कुणी विचारलेच तर म्हणायच्या, "वेळ नाही मिळाला," आणि विचारणाऱ्याच्या हातात काहीतरी काम ठेवायच्या.

त्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची भांडी होती. पंगतीची पातेली, घंगाळे, दोन माणसांनी उचलायच्या पराती. गल्लीत मुंज किंवा लग्न निघाले की लोक ती हक्काने न्यायचे आणि पोचे पाडून परत आणायचे. एके दिवशी नलूताईंनी त्यांचे भाडे घ्यायला सुरुवात केली. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे नलूताईंनी आणखी भांडी घेतली, पाट घेतले, चौरंग घेतले, आणि ते सगळे पोचवायला एक जुनी पिकअप घेतली. चालवायलाही त्या स्वतःच शिकल्या. पदर खोचून, उशीवर बसून, कारण त्याशिवाय काचेतून पुढचे दिसत नसे.

"आपल्या घराण्यात आजवर कुणी टेम्पो हाकला नव्हता," दादा म्हणाले.

"आपल्या घराण्यात कुणी भांडीपण घासली नव्हती. म्हणून तर माळ्यावर काळी पडून राह्यली," नलूताई म्हणाल्या. "आणि टेम्पो नाही दादा, पिकअप."

दादा त्या गाडीत कधी बसले नाहीत. पाऊस असो, रिक्षांचा संप असो, ते स्कूटरवरून किंवा पायी जात. नलूताईंनीही त्यांना कधी बसा म्हटले नाही. दोघांच्याही हट्टाला एकाच घराचे पाणी होते.

मग तो अपघात झाला. पादरा गावातले एक लग्न आटोपून परत येताना पिकअपचा मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात कलंडली आणि पातेली रस्ताभर गडगडत गेली. नलूताईंचे मनगट मोडले. फुटलेला टायर बघितल्यावर कळले, की तो रिमोल्ड होता, म्हणजे झिजलेल्या टायरावर नवे रबर चढवलेला. ते चढवलेले रबर सोलपटासारखे निघून आले होते. आधीच्या मालकाने गाडी विकताना तो बसवला होता आणि वर काळे पॉलिश मारले होते. पुढे दुसऱ्याच्या गाडीचे टायर बघणाऱ्या नलूताई तेव्हा स्वतःच्याच गाडीला फसल्या होत्या. आधी चाके आणि मग माणूस, ही सवय त्यांना लागली ती तेव्हापासून.

हात गळ्यात बांधून त्या घरी आल्या तेव्हा बैठकीत सगळे जमले होते. मीही होतो. गाडी उद्याच्या उद्या विकायची, असे दादांनी सांगितले. पण नलूताईंनी लग्नसराईच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या आणि त्या मोडायला त्या तयार नव्हत्या. शेवटी वहिनींनी मधला मार्ग काढला. फुटला तो टायर बदलायचा, बाकीचे तीन आहेत ते झिजेपर्यंत गाडी चालवायची, मग विकायची. नलूताई मनगटाच्या दुखण्याने बेजार होत्या. "बरं," म्हणाल्या. दादांनी त्यांना देवासमोर तसे बोलायला लावले.

तेव्हापासून दर शनिवारी मारुतीचे दर्शन घेऊन परतताना दादा पिकअपपाशी थांबायचे, खिशातून काडेपेटी काढायचे आणि टायरच्या खोबणीत काडी घालून किती आत जाते ते बघायचे. सगळी गल्ली ते बघायची. नलूताई ओट्यावर बसून पातेल्यावर बोट वाजवून पोचे शोधत असायच्या. "काय दादा, नाडी काय म्हणतेय?" असे त्या विचारायच्या. दादा काडी परत पेटीत ठेवायचे.

एका शनिवारी काडी खोबणीत शिरलीच नाही. दादांचा चेहरा असा उजळला की मला वाटले प्रसाद वाटतात की काय. त्याच आठवड्यात त्यांनी सावली गावाकडचा एक भाजीवाला गिऱ्हाईक म्हणून आणला. तो बायकोला आणि दोन लहान मुलांना घेऊन आला होता. त्याने इंजीन ऐकले, दारे उघडून मिटून बघितली. त्याची बायको तोवर पुढच्या सीटवर चढून बसली होती. तिने दोन्ही मुलांना मांडीवर घेतले, समोरच्या काचेतून रस्ता बघितला आणि हसली. नलूताई तिच्याकडे बघत होत्या.

"टायर अजून बघितले नाहीत त्याने, बघून मागे सरेल," दादा मला म्हणाले. "रिमोल्ड बसवून टाकू. नव्यासारखे दिसतात. तुम्ही चला बरोबर, चार शहाणी माणसं असली की ती वाद घालत नाही." चार शहाण्यांमधला मी एकटाच हाताशी होतो. दादांच्या स्कूटरवर मागे बसून मी निघालो. पुढे नलूताईंची पिकअप चालली होती.

प्रतापनगरच्या रस्त्यावर रमणभाईंचे टायरांचे दुकान होते. रमणभाई लाकडी स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होते. त्यांनी गाडीकडे बघितले, चारही चाकांवरून नजर फिरवली आणि गिऱ्हाइकाला त्यांचा जो पहिला प्रश्न असायचा तो गुजरातीत विचारला. "वेचवानी छे के चलाववानी?" विकायची की चालवायची, एवढे कळले की कुठला माल काढायचा ते त्यांना कळायचे.

"वेचवानी, वेचवानी," दादा घाईने म्हणाले.

आतून रिमोल्ड आले. काळेभोर, पॉलिश मारलेले, नक्षी उठून दिसणारे. नलूताईंनी त्यांवरून तळवा फिरवला. तळव्याला काळे लागले. त्यांनी तो हात दादांच्या समोर धरला, तोच, मनगट मोडलेला.

"हे त्या बाईच्या खाली बसवायचं?" त्या म्हणाल्या. "पोरं मांडीवर घेऊन बसली होती ती. मला कुणीतरी असंच विकलं होतं, दादा."

"व्यवहार आहे हा," दादा म्हणाले.

"असेल. मी नाही करत." त्या रमणभाईंकडे वळल्या. "रमणभाई, आ रहेवा दो. नवां काढो. चलाववानी छे."

दादा म्हणाले, "नले, तू देवासमोर बोलली आहेस."

"बोलले आहे. आणि मोडतेय. लपूनछपून नाही, तुमच्या तोंडावर मोडतेय. देवाला काय सांगायचं ते मी बघून घेईन."

त्यानंतर नलूताईंनी ज्या तऱ्हेने टायर निवडले, तसे मी आजवर कुणाला निवडताना बघितले नाही. रमणभाईंनी आधी रेडियल दाखवले, गाडी लोण्यासारखी जाईल म्हणाले. "लोण्यासारखी कुठे जायचंय मला?" नलूताई म्हणाल्या. "घडियाळी पोळाच्या अरुंद बोळात वळताना ओट्याच्या कडेला घासते गाडी. बाजू जाड पाहिजे. मागे भांड्यांचं वजन असतं." मग जाड नायलॉनचे आले. त्यांनी चष्मा लावून बाजूवरचा, टायर कधी बनला त्याचा आकडा वाचला आणि दोन परत पाठवले. "हे शिळे आहेत. पाव बघून घेतो आपण, टायर नको बघायला?" रमणभाई हसत हसत आत जाऊन ताजे घेऊन आले. नव्या टायरांवर रबराचे बारीक केस होते, आणि नलूताई ते बोटाने चाचपत होत्या.

चार चाके होईपर्यंत दादा उभे होते. मला वाटते, त्यांना अजून आशा होती. मग नलूताई म्हणाल्या, "स्टेपनीपण नवीनच द्या."

"स्टेपनी कशाला?" दादांच्या तोंडून निघून गेले.

"लांब जायचंय म्हणून."

दादांनी स्कूटरला किक मारली आणि निघून गेले. मला ते विसरले, किंवा विसरले नसतीलही. मी पिकअपमध्ये चढलो. नलूताईंनी उशी सारखी केली आणि गिअर टाकला. गल्लीत शिरताना त्यांनी हॉर्न वाजवला, गरजेपेक्षा बराच लांब.

त्या दिवसापासून दादा बहिणीशी बोलायचे ते वहिनींमार्फत, आणि ते शेवटपर्यंत. त्यांच्या तेराव्याला पंगतीची पातेली नलूताईंनी स्वतः पिकअपमधून उतरवली. "बोलले असते तर बरं झालं असतं," एवढेच त्या मला म्हणाल्या. "पण मी गाडी विकली म्हणून बोलले असते, ते मला नको होतं."

त्यांनी ते टायर झिजवले आणि पुढचेही झिजवले. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या घरात चालता येण्याबद्दल काही सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांना अडवून म्हणाल्या, "डॉक्टर, डावा गुडघा आहे. क्लच दाबायचाय मला." आणि दाबलाही. डोळ्यांपुढे मात्र त्यांचे चालले नाही. समोरून येणारी गाडी धुरकट दिसू लागली तेव्हा कुणी न सांगता त्यांनी किल्ली खुंटीवर ठेवली आणि स्वतःच गिऱ्हाईक शोधले. वाघोडिया रोडला रोपांची नर्सरी चालवणारी एक बाई.

गाडी रमणभाईंच्या दुकानात मी नेली. नलूताई शेजारच्या सीटवर, उशी मांडीवर. स्टुलावर आता रमणभाईंचा मुलगा बसत होता. त्याने चाकांवरून नजर फिरवली. "वेचवानी छे के चलाववानी?"

"वेचवानी," नलूताई म्हणाल्या.

तो मान डोलावून रिमोल्ड काढायला आत निघाला.

"अरे भाई, नवां काढ," नलूताईंनी हाक मारली. "वेचवानी छे, पण कोईक तो चलावशे ने?"

मुलाने माझ्याकडे बघितले, विकली तरी कुणीतरी चालवेलच ना, हे म्हातारी काय बोलते आहे अशा अर्थाने. मी म्हटले, "स्टेपनीपण."

त्यानंतर वर्षभरात नलूताई गेल्या. परवा खंडेराव मार्केटच्या बाहेर ती पिकअप उभी दिसली, मागे मोगऱ्याची आणि लिंबाची रोपे. मी वाकून टायर बघू लागलो. उन्हात खोबणी स्वच्छ दिसत होती, खोल. गाडीतल्या बाईने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि मी काय बघतोय ते विचारले. "काका, शुं जुओ छो?"

"कंई नहीं, बेन," मी म्हटले. "चलावो."