पुढचं सोमवारी

"पुढचं सोमवारी," असं म्हणून त्या चष्मा काढायच्या आणि झग्याच्या टोकाला शांतपणे पुसत बसायच्या. तेवढ्या वेळात आख्खा वर्ग रडवेला झालेला असायचा.

त्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या पहिलीच्या सिस्टर. मूळच्या केरळच्या, पण उमेदीची सगळी वर्षं इकडे बुलढाण्याकडे गेली. मराठी त्या पुस्तकातून नव्हे, पहिलीच्या पोरांकडून शिकल्या. गळ्यात क्रूस घातलेली, पांढऱ्या झग्यातली ही बाई "काऊन बे, डबा नाही खाल्ला?" असं विचारायची, तेव्हा तपासणीला आलेले साहेब आधी त्यांच्याकडे आणि मग आमच्याकडे पाहत राहायचे.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्या येशूची गोष्ट सांगायच्या. वर्गात ख्रिस्ती पोरं एखाद-दुसरंच. बाकी हिंदू, बौद्ध, मुसलमान. गोष्ट मात्र सगळ्यांची. शेवटचं जेवण, पकडून नेणं, क्रूस, मग कबर. कबरीच्या तोंडाशी मोठी शिळा लोटली, की गोष्ट तिथेच थांबायची. पुढे रविवारपर्यंत शाळेला सुट्टी.

"सिस्टर, मेला का तो? खरंच मेला?"

"हाव. मेला."

"मंग पुढं?"

"पुढचं सोमवारी."

तुम्ही म्हणाल, लहान लेकरांना असं ताटकळत ठेवणं बरं नव्हे. पालकही तेच म्हणायचे. एका वर्षी तहसीलमधले एक बाबू शनिवारीच कॉन्व्हेंटच्या दारात येऊन उभे राहिले.

"सिस्टर, पोरीनं डोकं खाल्लं माह्यं! धड जेवत नाही. तिले नका सांगू, पण मले तरी सांगा."

सिस्टर खळखळून हसल्या. "येशूच्या सोबतच्याईले तरी कोणं सांगतलं होतं, बाबूजी? तेही दार लावून रडतच बसले होते. रडू द्या थोडं. रडल्याशिवाय सोमवार कसा कळन?"

मीही त्यांच्या वर्गात ते दिवस काढले आहेत. आम्ही बौद्ध. मेलेला माणूस उठतो असं आमच्या घरात कोणी मानत नाही, मीही मानत नाही. पण सोमवारी शिळा सरकली की वर्गात जी बाकं बडवली जायची, त्यात माझेही हात होते.

दहावीनंतर वडिलांनी माझं शिक्षण बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्या धाड गावच्या बसने आमच्या घरी आल्या. पाणीही न पिता म्हणाल्या, "काऊन थांबवता हो पोरीले? मी बी थांबवते, पण सोमवारपर्यंतच." वडील हसले, आणि हसले तिथेच हरले. घरातली पहिली पदवी माझी. नोकरी लागली तीही त्यांच्याच वर्गात, त्यांच्या हाताखाली.

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी मी आईसोबत गच्चीवर कुरडया घालत होते. शाळेतून फोन आला. सिस्टर गेल्या. पहाटे, झोपेतच.

मी साचा फिरवतच राहिले. एका कुरडईवर दुसरी पडली, तिच्यावर तिसरी. आई ओरडली, "अवं, काय करून राह्यली?" गुरुवारी दुपारी तर त्या वर्गात होत्या. गोष्ट अर्धी ठेवून, चांगल्या हसत कॉन्व्हेंटकडे गेल्या होत्या.

मग कळलं, पवित्र शनिवारी आणि ईस्टरच्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होत नाही. त्यांना सोमवारपर्यंत बर्फाच्या पेटीत ठेवणार होते.

शाळेला सुट्टी जाहीर झाली होती. तरी सोमवारी सकाळी पहिलीची पोरं आली. गणवेशात, दप्तरं घेऊन. आईबाप ओशाळून फाटकाशी उभे होते. "ऐकतच नाहीत, टीचर." सिस्टर शेजारच्या हॉलमध्ये, पेटीत. पोरं आपापल्या बाकांवर. त्यांना घरी पाठवायला म्हणून मी वर्गात गेले.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, सिस्टर मेली ना?"

"हो."

"मंग पुढचं कोण सांगन?"

गोष्ट सांगावी, तर ही लेकरं आज सिस्टर उठायची वाट पाहत त्या पेटीजवळ जाऊन बसतील. न सांगावी, तर सिस्टरांची गोष्ट कायमची शिळेपाशी अडून राहील. आणि सांगणारी कोण, तर मी, जिचा त्यावर विश्वास नाही.

मी सांगितली. त्यांच्याच बोलीत सांगितली. पहाटे बाया कबरीवर गेल्या. पाहतात तं शिळा बाजूले, आत कोणीच नाही. त्यातली एक, मरीया, रडत बसली. मागं एक माणूस येऊन उभा राह्यला. तिले वाटलं, बागेचा माळी असन. मंग त्यानं फक्त तिचं नाव घेतलं. "मरीया." अन् तिनं येशूले वळखलं.

एकही बाक वाजलं नाही. सगळी पोरं हॉलच्या बाजूच्या भिंतीकडे पाहत होती.

"आपली सिस्टर कवा उठन?"

हो म्हणणं सोपं होतं. "मले नाही माहीत," मी म्हणाले. "सिस्टर म्हणायची, एक दिवस सगळेच उठतीन. तिचा भरोसा होता."

मुलगी विचारात पडली. "अन् ती आली, अन् आपण वळखलंच नाही तं?"

मागच्या बाकावरचा एक जण तिच्यावर डाफरला, "येडी का तू? नाव घेईन ना ती आपलं!"

थोड्या वेळाने खिडकीसमोरून सिस्टरांना नेलं. पोरं उभी राहिली, आणि मग एकेक करून घरी गेली. रडलं कोणीच नाही. रडले ते फाटकाशी उभे असलेले आईबाप.

ती पोरं आता तिसरीत आहेत. शाळेच्या फाटकाशी कधी बोरं विकणारी, कधी नातवाला न्यायला आलेली एखादी अनोळखी म्हातारी उभी असते. मधल्या सुट्टीत दोघं-तिघं खेळ सोडून तिच्यासमोर जाऊन उभी राहतात. काही मागत नाहीत, बोलत नाहीत. म्हातारी गोंधळते. "काय पायजे रे पोट्टेहो?" तरी पोरं तिच्या तोंडाकडे पाहत उभीच असतात, ती आपलं नाव घेते का म्हणून.

घंटा झाली तरी मी त्यांना लगेच आत बोलावत नाही.