चौथी सही

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागल्यावर मधे कोणी फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. फजिती माझी आहे, तेव्हा सांगणार मीच, आणि माझ्या पद्धतीनं सांगणार.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण पन्नास वर्षं बांधकामात काढली. आधी मिस्त्री, मग छोटा ठेकेदार. या हिंदी मुलखात, आमच्या फ्रीगंजात, माझ्या हातची घरं आजही उभी आहेत, जाऊन ठोकून बघा! तेव्हा करार काय असतो ते मला कोणी शिकवू नये. भिंतीला ओल येते. प्लंबर म्हणतो प्लास्टर कच्चं, प्लास्टरवाला म्हणतो पाइप गळका, फरशीवाला म्हणतो मी तर त्या दिवशी आलोच नव्हतो. मग जो कागद काढून एकमेकांच्या नाकासमोर नाचवतात, तो करार.

यावर माझा इलाज ठरलेला. दोन ठेकेदारांना आपसात बोलू द्यायचं नाही. याचं त्याला सांगायचं, त्याचं याला. भांडले की खरं काय ते बाहेर येतं.

तर झालं काय, आमची ही, सुशीला, न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आली, आणि पलंगाला चिकटली ती चिकटलीच. पाय खाली टेकायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी. ज्या बाईनं मला जन्मात कधी एका जागी स्वस्थ बसू दिलं नाही, ती भिंतीकडे तोंड करून गप पडून! मी वरून ओरडत होतो, पण आतून पार हललो होतो. हे बाहेर बोलू नका.

मुलगी मंदा नानाखेड्याला असते. दवाखाना आणि एक सेवा संस्था मिळून काही योजना चालवतात, त्यात तिनं आईचं नाव घातलं. तीन माणसं घरी येणार. औषधपाण्याला रेखा सिस्टर, व्यायामाला नदीमभाई, आणि आंघोळ, जेवण, उठबस करायला गंगाबाई. पहिल्याच दिवशी सिस्टरनं करार काढला. तिघांत मिळून एकच कागद!

"मंदे, तीन ठेकेदार आणि करार एक? डोकं फिरलंय का यांचं?"

"बाबा, गंमत तीच आहे. नीट ऐका तरी."

मी कशाला ऐकतोय? सिस्टरनं तर मला विचारलंच नाही. हिच्याजवळ बसून म्हणाली, "अम्माजी, ठीक होकर सबसे पहले क्या करोगी?"

हिनं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाली, "टावर चौकात चालत जाईन. आणि ठेल्यावरचा भुट्ट्याचा कीस खाईन, गरम गरम."

आणि त्या बाईनं तेच लिहून घेतलं! कामाच्या रकान्यात! दसऱ्याच्या आत अम्माजी आपल्या पायानं टावर चौकात जाऊन कीस खातील. गेल्या, तर सगळ्यांचं काम पास. नाही गेल्या, तर सगळे नापास. अर्धंमुर्धं पास कोणीच नाही.

सिस्टर पुढचं वाचायला लागली, तर मी हात वर केला. "रहने दो. ऐसे बहुत देखे हैं. साइन कहाँ करना है, वो बताओ."

आणि ठोकली सही. इथे खूण करून ठेवा, परत यायचंय.

दुसऱ्या दिवसापासून मी आपलं काम सुरू केलं. नदीमभाईला कोपऱ्यात घेतलं. "देखो, मैं तो कुछ नहीं बोलता, पर गंगाबाई कह रही थी कि तुम्हारी कसरत से अम्मा का पैर दुखता है."

वाटलं, आता पेटणार! नदीमभाई म्हणाला, "अच्छा हुआ बाऊजी, आपने बता दिया."

दुसऱ्या दिवशी बघतो तर गंगाबाई अर्धा तास आधी हजर, गरम पाण्याची पिशवी घेऊन. पाय शेकून तयार, मग नदीमभाईचा व्यायाम. ही एकदाही कण्हली नाही.

बरं. मग गंगाबाईला गाठलं. "नदीम कहता है, तुम नहलाती हो तो फर्श गीला छोड़ देती हो. अम्मा फिर गिरेगी."

"साँची के रियो है बाऊजी," म्हणाली ती आपल्या बोलीत, खरंच बोलतोय म्हणून. आणि तिसऱ्या दिवशी नदीमभाई स्वतः रबराची चटई घेऊन आला, दोघांनी मिळून खोलीलगतच्या न्हाणीघरात अंथरली! सिस्टरला सांगितलं की ते दोघं तुमच्या गोळीला नावं ठेवतात, अम्मा सकाळभर पेंगते म्हणून. तिनं डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलली. मग ही सकाळी टक्क जागी, आणि जागी झाल्या झाल्या मला टोमणे!

म्हणजे बघा, मी आग लावायची आणि या लोकांनी तिच्यावर शेकायचं पाणी तापवायचं! असं कधी बघितलंत? मी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं.

आता शहाण्या माणसानं इथे समजून घ्यायचं. मला मात्र वेगळाच वास आला. तीन ठेकेदार आणि भांडण नाही? म्हणजे नक्की आतून मिळालेत! मी एक वही केली. खोली आणि पुढचं दार यांच्यामधे आमचा बोळ आहे, तिथे माझी लाकडी खुर्ची टाकली. तिथून सगळं दिसतं. बसलो चौकीदारी करत.

"बाऊजी, कुर्सी थोड़ी सरका लूँ?" नदीमभाईनं विचारलं.

"मेरे घर में मेरी कुर्सी कोई नहीं हिलाएगा!"

दुसऱ्या दिवशी गंगाबाईनं विचारलं. तिसऱ्या दिवशी हिनंच म्हटलं, "अहो, जरा उठता का?" मी मनात म्हटलं, घ्या, हिलाही फितवलं.

तोवर ही वॉकर धरून खोलीभर चालायला लागली होती. पण खोलीच्या दारापर्यंत यायची, बोळात बघायची आणि परत फिरायची. रोज! आठ दिवस झाले, दहा झाले. मी वहीत लिहीत होतो, 'दारात अडकली. नदीमचं काम कच्चं. गंगाबाईचं लक्ष नाही.' दसरा जवळ आला. एका दुपारी ही परत भिंतीकडे तोंड करून निजली. "राहू दे आता," म्हणाली. "नाही व्हायचं माझ्याच्यानं."

माझं डोकंच सटकलं. दुसऱ्या दिवशी तिघांची बैठक होती, मंदाही आली होती. मी वही घेऊन उभा राहिलो आणि एकेक चूक वाचली. शेवटी गरजलो, "दस दिन से दरवाज़े पे अटकी है! गलती किसकी?"

थांबा. आता जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नदीमभाई म्हणाला, "मेरी है बाऊजी. मुझे साफ बोलना था."

सिस्टर म्हणाली, "नहीं, मेरी. हफ्ते भर से देख रही हूँ, मैंने रोका नहीं."

गंगाबाई म्हणाली, "दोई चुप रो. दनभर घर में तो मैं रूँ. गलती म्हारी है."

आणि लागले की भांडायला! चूक माझी, नाही माझी! अहो, चूक दुसऱ्यावर ढकलताना माणसं डोकी फोडतात ते मी पाहिलंय. चूक आपल्याकडे ओढायला भांडतात? माझ्या हातातली वही तशीच राहिली.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "अहो मिस्त्री, मला विचारा ना मी का अडकते! तुमची टेप काढा आणि बोळ मोजा."

टेप माझ्या खिशात असतेच. यांचं पितळ उघडं पाडावं म्हणून ऐटीत वाकलो. बोळ तीन फूट. वॉकर पावणेदोन. आरामात जातो! "देखा?" म्हणालो.

"खुर्ची?" ही म्हणाली.

खुर्ची मोजली. पावणेदोन फूट.

उरला सव्वा फूट. टेप दोनदा लावली. टेप माझीच, खोटं कसं बोलेल? अर्ध्या फ्रीगंजचे जिने, दारं, बोळ मापून देणारा मी, आणि स्वतःच्या बायकोच्या वाटेत ठाण मांडून वर हजेरी मांडत बसलो होतो!

मंदानं करार पुढे केला. "बाबा, आता तरी वाचा."

खाली सह्या चार. मी म्हटलं, "ये चौथा ठेकेदार कौन है?"

सिस्टर तोंडावर पदर धरून म्हणाली, "आप, बाऊजी."

माझ्या नावापुढे काम एकच लिहिलं होतं. घरातली वाट मोकळी ठेवणे. बस, एवढंच!

मी मटकन बसणार होतो, पण कुठे बसू? खुर्ची गंगाबाईनं अंगणात नेली होती. आणि नदीमभाईनं माझ्या पाठीवर हात ठेवून काय म्हणावं? "जाने दो बाऊजी, गलती हमारी है." माझी चूकसुद्धा मला ठेवू देईनात!

दसऱ्याच्या चार दिवस आधी ही टावर चौकात गेली. आपल्या पायानं. पुढे ही, बाजूला नदीमभाई, आणि मागे भर बाजारातून डोक्यावर खुर्ची घेऊन मी. ओळखीचे विचारत होते, "बाऊजी, घर बदल रहे हो क्या?" चौकात खुर्ची टेकवली, ही बसली, आणि किसाचा पहिला घास घेऊन जे हसली... मी तिथेच बघत उभा राहिलो. एक कागद, त्यावर चार सह्या, आणि माझी बायको टावर चौकात! माझा सगळा जन्म वाट मापण्यात गेला, पण एवढी लांब वाट मी कधी बांधली नव्हती.

इतक्यात मागून ठेलेवाला ओरडला, "अरे बाऊजी, रास्ता छोड़ो! कब से बीच में खड़े हो!"

हिनं घास तसाच हातात धरला. "सरका आता," म्हणाली. "सही केलीत ना?"